वीस सेकंदांची घंटी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, काम रेडिओ केंद्राचा मनोरा आणि प्रक्षेपण यंत्र सांभाळणे, राहणार त्याच मनोऱ्याखालच्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. समोर बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी तसं लेखी दिलं आहे. त्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. त्या मध्येच "पुरे" म्हणाल्या, तरी मी दोनपर्यंत जाऊनच थांबलो.

पाच वर्षांपूर्वी केलेलं माझं मृत्युपत्र या लिखाणाने संपूर्णपणे रद्द समजावं. का, ते पुढे येईल. मला क्रमाने सांगायची सवय आहे, वाचणाऱ्याने घाई करू नये.

कलम पहिले : मिळकत. मनोऱ्याखालची जमीन आणि दोन खोल्या माझ्या नावावर आहेत. रेडिओ केंद्रात निम्मा वाटा माझा. उरलेला निम्मा माझ्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे ताईचा होता, तो तिच्यामागे तिच्या मुलीकडे, माझ्या भाचीकडे गेला. केंद्र आम्ही बहीणभावाने काढलं. गावात कपड्याच्या दुकानावर एक खोली घेतली, तिथे ताई बोलायची. मी इथे, स्कूटरवर बारा मिनिटांच्या अंतरावर, तिचा आवाज हवेत सोडायचो. तोंड तिचं, तारा माझ्या. म्हणून लोक तिला दुपारची ताई म्हणायचे आणि मला तारवाले मामा. दोन ते तीन तिचा कार्यक्रम असे. लोकांची पत्रं वाचायची, मध्येच दोन गाणी, आणि पत्र वाचून झाल्यावर इतका वेळ गप्प बसायची की ऐकणाऱ्याला वाटावं, रेडिओ बंद पडला. मी चिडायचो. ती म्हणायची, "अरे, माणसाने एवढं मनातलं लिहिलंय, जरा टेकू दे की त्याला."

कलम दुसरे : अवजारं. तारा जोडताना डाग द्यायची इस्त्री, पक्कड, पान्ह्यांचा संच आणि मीटर हे सगळं बॅटरीवाल्याला द्यावं. चाळीस वर्षांचा दोस्त आहे. मीटर त्याने तीनदा मागून नेलं आणि तिन्ही वेळा आतला सेल संपवून परत आणलं. आता ते त्याचंच झालं की माझी कटकट मिटली. मनोऱ्यावर चढायचा पट्टा मात्र कोणालाही देऊ नये, तो कुजला आहे.

कलम तिसरे : सल्लागार. आठ वर्षांपूर्वी भाचीने एका सल्लागाराला बोलावलं होतं. त्याने लॅपटॉप उघडून खाली खाली जाणारी एक रेघ दाखवली आणि म्हणाला, हे तुमचे श्रोते. लोक आता फोनवर ऐकतात, हवं तेव्हा ऐकतात, तुमच्या वेळापत्रकाला कोणी विचारत नाही. इथवर त्याचं बरोबर होतं, हे मी आज कबूल करतो. त्या दिवशी मी फक्त नाक मुरडलं. पुढे तो म्हणाला, बोलणारी माणसं काढून टाका, दिवसभर यंत्र गाणी लावेल, आणि ताईंच्या जुन्या टेपा द्या, कॉम्प्युटर त्यांच्याच आवाजात रोजचं हवामान सांगेल. मी त्याला जिना दाखवला. भाचीला वाटलं, मामाला नव्याचं वावडं आहे. तसं नव्हतं. ताईचा आवाज तिच्यावाचून चालू राहिला की काय होतं, हे मला माहीत होतं. सल्लागाराला माझा खिशातला ट्रान्झिस्टर द्यावा. ऐकायची सवय नसेल तर लावून घेईल.

कलम चौथे : राखणदार. यंत्राशेजारच्या मांडणीवर एक करडी पेटी आहे. तिला आम्ही राखणदार म्हणतो. ती मी बनवली. केंद्राकडून येणारा आवाज वीस सेकंद थांबला की ती आपोआप एक जुनी टेप सुरू करते, म्हणजे ऐकणाऱ्याला शांतता ऐकू येत नाही. त्याच वेळी या खोलीत घंटी वाजते, म्हणजे मला कळतं की तिकडे काहीतरी बिघडलं. टेप होती ताईच्याच एका जुन्या कार्यक्रमाची, चाळीस मिनिटांची.

आता हे लिहितो. सोळा वर्षं मी हे कोणाला सांगितलेलं नाही.

ताईच्या त्या गप्प बसण्यामुळे घंटी सारखी वाजायची. दर पत्रामागे. माझं डोकं उठायचं. एके दिवशी मी घंटीची तार सोडवून ठेवली. म्हटलं, टेप तर मागे थांबली होती तिथून पुढे आपली आपण लागते, आणि ही बोलू लागली की आपली आपण थांबते. मग कानाशी कटकट कशाला? पुढे तीन आठवडे फार सुखाचे गेले.

नंतर त्या सोमवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, ताई खुर्चीवरून खाली पडली. दाराबाहेर लाल दिवा चालू होता, आणि लाल दिवा चालू असताना आत कोणी जायचं नाही हा नियमही माझाच. वीस सेकंद झाले. राखणदाराने टेप लावली. मी इथे शेंगा सोलत बसावं तसा निवांत बसलो होतो आणि ताई रेडिओवर बोलत होती. एक पत्र ओळखीचं वाटलं, मागच्या वर्षीचं. मी मनात म्हटलं, ताईचं वय झालं, तेच तेच वाचते. तिच्या एका विनोदावर मी हसलो सुद्धा. मग टेप संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, आणि ताई त्या दुपारी दुसऱ्यांदा म्हणाली, "नमस्कार मंडळी, जेवणं झाली का?" तेव्हा मला कळलं.

मी पोचलो तेव्हा काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणली असती तर सांगता आलं असतं. काय सांगता आलं असतं, ते मी विचारलं नाही. भाची वेड्यासारखी विचारत होती, "मामा, घंटी कशी नाही वाजली?" मी म्हणालो, "बिघडली होती."

घंटी बिघडली नव्हती. माझ्या ताईला मी कटकट समजलो. त्याच संध्याकाळी मी ती तार परत जोडली, इतकी घट्ट की आता ती कापल्याशिवाय निघणार नाही.

कलम पाचवे : भाचीची खुर्ची. त्या दिवसापासून मी एकच हट्ट धरला. दोन ते तीन या वेळात ताईच्या खुर्चीवर घरचं जिवंत माणूस बसलंच पाहिजे, आणि मी इथे घंटीशेजारी. भाची तेव्हा तेवीस वर्षांची होती. तिला मोठ्या शहरातल्या एका स्टुडिओने बोलावलं होतं. कुलूपवाले, सुईणी, घड्याळजी, अशा माणसांकडून त्यांच्या कामाच्या गोष्टी ऐकून त्या फोनवर ऐकायला ठेवायच्या, असं तिच्या डोक्यात होतं. ती म्हणाली, "मामा, जग बदलतंय, आपण नुसतं हवेत बोलून कसं चालेल?" मी म्हणालो, "तुझी आई त्या खुर्चीत गेली." एवढं म्हटलं की ती गप्प बसायची. हे मला माहीत होतं, म्हणून मी सोळा वर्षं तेच म्हणत आलो. तिचं लग्न जमत आलं होतं, मुलगा परगावचा म्हणून तेही राहिलं. पाच वर्षांपूर्वीच्या मृत्युपत्रात मी लिहून ठेवलं की रोजचा तास तिने चालू ठेवला तरच माझा वाटा तिचा, नाहीतर सगळं विकून टाकावं. म्हणजे मेल्यावरही दार बाहेरून लावून घ्यायची व्यवस्था. गुन्हा माझा आणि कोंडलं तिला. कोंडून घेतलेला मीही आहे, सोळा वर्षांत दोन ते तीन या वेळात मी कोणाच्या लग्नालाही गेलेलो नाही. पण माझं सोडा, मी माझ्या पायाने आत आलो.

गेल्या महिन्यात छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात होतो. शेजारच्या खाटेवरचा गवंडी कानात बोंडं घालून फोन ऐकत होता आणि हसत होता. विचारलं तर एक बोंड माझ्या कानात घातलं. भाचीचा आवाज. एका घड्याळजीशी बोलत होती. तिने हे चोरून चालवलं होतं म्हणे, चार वर्षं, तास संपल्यावर त्याच खुर्चीत बसून. घड्याळजी बायकोबद्दल काहीतरी बोलला आणि भाची गप्प राहिली. बराच वेळ. मी सवयीने मोजायला लागलो. इतक्यात सिस्टर सुई घेऊन आली. गवंड्याने बोटाने ते थांबवलं, सुई टोचून घेतली आणि पुन्हा तिथूनच सुरू केलं. ती शांतता तशीच्या तशी होती, कोणी तिच्यात टेप घातली नव्हती. मी भिंतीकडे तोंड करून पडलो आणि रडलो.

कलम सहावे : देणे. माझा वाटा, जमीन, खोल्या, मनोरा आणि यंत्र हे सगळं भाचीला, कोणत्याही अटीशिवाय. तास चालू ठेवावा किंवा बंद करावा. कार्यक्रम फोनवर न्यावेत. मनोरा मोडीत घालावा, नाहीतर टॉवरवाल्यांना भाड्याने द्यावा. वादळात तीन दिवस सगळे फोन मेले होते तेव्हा लोकांनी सेलवरचे रेडिओ बाहेर काढले होते, एवढं लक्षात असू द्यावं. ही अट नव्हे, आठवण आहे. ताईच्या टेपा तिच्या. मात्र राखणदार बंद करावा, आणि मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दोन वाजून दहाला केंद्र गप्प ठेवावं, कोणी फोन करून काय झालं असं विचारेपर्यंत. विचारणाऱ्याला खरं ते सांगावं.

साक्षीदार पहिला : डॉक्टरीणबाई. वाचून सही केली आहे.

साक्षीदार दुसरा : बॅटरीवाला. याने वाचलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाला, "मी सही करणार नाही. हे मेल्यावर सांगायचं? आणि तिने मग कोणाला बोलायचं, फोटोला?" मी म्हणालो, माझ्याच्याने होणार नाही. तो म्हणाला, "मग साक्षीदार दुसरा बघ." म्हणून मी फोन उचलला. पुढचं इथेच लिहितो, म्हणजे तेही मृत्युपत्राचा भाग होईल.

दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. तिकडे गाणं लागलेलं होतं, म्हणून भाचीने फोन घेतला. "बोल मामा." मला बोलता येईना. ती म्हणाली, "मामा, काय झालं?" मग मी सांगितलं. तार मी सोडली होती, घंटी बिघडली नव्हती, आणि तुला तिथे बसवलं ते ताईसाठी नाही, माझ्यासाठी. तिकडून काहीच आलं नाही. मी मोजत होतो. वीस झाले, तीस झाले. तिच्या जागी दुसरं काही वाजलं नाही. मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "तिथेच थांब. मी येतेय. मला तुझ्याशी भांडायचंय."

मी म्हणालो, "अगं, पण गाणं संपेल."

ती म्हणाली, "संपू दे."

गाणं संपलं. वीस सेकंद शांतता होती. आता घंटी वाजते आहे. सोळा वर्षांत त्या खुर्चीतून दोन ते तीनच्या मध्ये घरचं माणूस पहिल्यांदा उठलं आहे. त्या वीस सेकंदांतच, टेप सुरू व्हायच्या आत, बॅटरीवाल्याने पक्कड घेऊन टेपेची तार कापली. घंटीची राहू दिली. मग त्याने सही केली.

घंटी दोन्ही साक्षीदारांनी ऐकली. ती अजून चालू आहे, आणि भाची बारा मिनिटांच्या अंतरावर आहे.

स्थळ : प्रक्षेपण खोली, मनोऱ्याखाली
दिनांक : १४ ऑक्टोबर, सोमवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे

सही : तारवाले मामा
साक्षीदार : १) डॉक्टरीणबाई २) बॅटरीवाला