दहापर्यंतचं ऊन

३ ऑगस्ट २००४

तुळस, तुळस, तुळस! मायकडं दुसरं बोलणंच नाही. आज कॉइन बॉक्सवरून फोन केला तर पुन्हा तेच — "जिथं माह्यं लेकरू पडलं तिथं तुयस लाव. दिवा लाव. तवाच त्याचा जीव मोकळा होईन." मी म्हणालो, माय, ती सोसायटीची जागा आहे, आपलं अंगण नाही. तर म्हणते, "जीव घ्याले जागा होती, तुयशीले नाही?"

फोन ठेवून दिला. रुपया संपला होता असं सांगीन.

४ ऑगस्ट

सेक्रेटरी देवधर साहेब आज वाफ्यापाशी येऊन उभे राहिले. मी जूनमध्ये झेंडू लावलेला, गावाकडे लावतो तसाच. आमच्या दिग्रसकडे ऊन असं की झाडावर गोणपाट टाकावं लागतं. मला वाटलं, इथं आयती सावली आहे — झाडं खुशीत राहतील! झेंडू कमरेएवढा झाला. फूल एक नाही.

"काय हो, मेथी लावलीत का?"

"झेंडू आहे साहेब."

"असं का? मग पाटी लावा. पाहुण्यांना कळायचं नाही."

धीर करून तुळशीचं विचारलं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "हे बघा, तुळस लावली की कुणीतरी दिवा लावणार. दिवा दिसला की लोक विचारणार, काय झालं होतं. वरचा फ्लॅट अजून विकायचाय. रंगीत काहीतरी लावा. नजर पडली की बरं वाटलं पाहिजे."

कुणाला बरं?

वैजनाथभाऊ इथंच पडला. फेब्रुवारीत, ए विंगला रंग देताना, परांचीवरून. कमरेचा पट्टा एकच, माणसं दोन. एक दिवस हा बांधायचा, एक दिवस तो. त्या दिवशी भाऊची पाळी नव्हती. फरशी फुटली होती, ती काढून कमिटीनं तिथं वाफा केला आणि मला माळी म्हणून ठेवलं. उपकार! ठेकेदार म्हणतो उपकार, वॉचमन म्हणतो उपकार. तिकडं वहिनी आणि तिची पोर माझ्या पगारावर आहेत, म्हणून मीही मान हलवतो.

७ ऑगस्ट

झेंडू उपटला. मुळं चांगली होती.

८ ऑगस्ट

खोलीत बसवत नाही. एसटी डेपोपर्यंत चालत गेलो. गावाकडं जाऊन तरी काय करू? परत आलो.

११ ऑगस्ट

खडकवासल्याच्या रस्त्याला गेनबाची नर्सरी आहे, तिथं गेलो. त्यानं आधी विचारलं, "ऊन कवर असतं?" सकाळी दहापर्यंत, म्हणालो. मग बिल्डिंग आडवी येते.

"मग फुलाचा नाद सोड. पानात रंग बघ. ह्यो कोलियस हाय — लाल, जांभळा, पोपटी, पायजे तो घे. क्रोटनला ऊन लागतं, त्यो भायेरच्या कडंला लाव. तेरडा लावलास तर चार फुलं देईल, जास्त आशा नगं करू."

कोलियसला एक तुरा आलेला. मी बघतच राहिलो. मंजिरी!

"तशीच दिसती," गेनबा म्हणाला. "तुळशीच्याच भावकीतलं हाय म्हणत्यात. पर तुरा आला की खुडायचा. ठेवलास तर पान फिकं पडतं. रंगासाठी नेतोयस ना?"

हो, रंगासाठी.

१२ ऑगस्ट

सगळं लावून झालं. आत कोलियस, कडेला क्रोटन, मध्ये तेरडा. माती उकरताना हात थांबत होता. खाली फरशीचा तुकडा निघाला, एका कडेला पिवळा रंग सांडलेला. तो परत खाली ठेवला. वर लाल कोलियस लावला.

१९ सप्टेंबर

सगळीकडचे तुरे खुडतो. त्या लालाचा एक ठेवलाय. पानं फिकी पडू देत.

मायला सांगितलं, लावली. ती रडली. मग वहिनीनं फोन घेतला. ती कधी बोलत नाही.

"भाऊजी, मंजिऱ्या आल्या काय?"

"आल्या."

"कोन्या रंगाच्या?"

"जांभळ्या."

मग म्हणाली, "बरं झालं. पाणी घालत जा."

तिला कळलं की नाही, ते मला कळलं नाही.

२६ सप्टेंबर

देवधर साहेबांनी गिऱ्हाईक आणलं. प्रियदर्शनी मॅडम, हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. थेट वाफ्यापाशी थांबल्या. "वॉव, काय मस्त कलर्स आहेत! इथे आधी काय होतं?"

"काही नाही हो. मोकळाच कोपरा होता," साहेब म्हणाले.

मी खुरपं घेऊन खाली बसलेलो. मॅडमनी मला थँक्यू म्हटलं. मीही काहीतरी म्हटलं असेल.

३० सप्टेंबर

फ्लॅट गेला. साहेबांनी स्वतः पेढा दिला. पेढा तोंडात असतानाच — "वाफा आता छान लागलाय. रोज माळी कशाला? एजन्सीचा माणूस येऊन जाईल आठवड्याला. तुम्ही बघा दुसरीकडे. चिठ्ठी देतो हवी तर."

इतका रंग आणायला नको होता!

५ ऑक्टोबर

तीन सोसायट्या फिरलो. सगळीकडं एजन्सी.

८ ऑक्टोबर

ठेकेदार गेटवर भेटला. पाऊस थांबला, आता बी विंगला रंग द्यायचाय. "भावाचीच जागा आहे, ये. माळ्याच्या दुप्पट देतो. पहिल्याच दिवशी उचल घे." मी पट्ट्याचं विचारलं. "आहे की!" म्हणाला.

मायला सांगायचं नाही.

११ ऑक्टोबर

आज चढलो. वरून वाफा दिसतो, दहाच्या आधी तर फारच लाल. एजन्सीवाल्यानं तुरा खुडला.

पट्टा एकच आहे. आज माझी पाळी नव्हती.

उचल मिळाली. वहिनीच्या नावानं मनीऑर्डर केली — तीन हजार.