दांडीवरचा मरून कोट

४ डिसेंबर
प्रोजेक्ट आला माथी. जवळचा एखादा धंदा निवडा, त्याचं ध्येय आणि उद्दिष्ट मालकाला विचारून लिहा. सर म्हणाले, ध्येय लांबचं, उद्दिष्ट जवळचं — मोजता यायला हवं, मुदत हवी. नुसतं 'नफा' लिहून आणलंत तर शून्य!
कोपऱ्यावरची लाँड्री घेतली. पायपीट नको.

५ डिसेंबर
लाँड्रीवाल्या काकू इस्त्री करता करताच बोलत होत्या. नफ्याचं विचारलं तर हसल्या. दुकानात एकही कपडा पडून राहू नये, हे ध्येय म्हणे. आणि उद्दिष्ट? इस्त्री उभी ठेवून त्यांनी मागच्या दांडीकडे हात केला. तिथे एकच मरून कोट.
"हा. याच आठवड्यात."
मोजमाप, मुदत — सगळं बसलं!
कोट कुणाचा? एका मुलीचा. धुवायला टाकून गेली ती आलीच नाही. मग विकून टाका की, म्हटलं. तर म्हणाल्या, याला गिऱ्हाईक नको, माणूस लागतं.
तेही वहीत लिहून घेतलं. उगाचच.

७ डिसेंबर
थंडी मी म्हणतेय. काकूंनी कोट पुढे केला — घालून जा, तेवढीच हवा लागेल त्याला. अगदी माझ्या मापाचा निघाला. बाह्यासुद्धा.
वाटेत भाजीवाला म्हणाला, बऱ्याच दिवसांनी दिसलीस. त्याच्याकडून मी कधी कोथिंबिरीची काडीही घेतलेली नाही.

८ डिसेंबर
कोट तसाच घालून झोपले होते. सकाळी आईनं उठवलं नाही, चहालाही हाक नाही. रागावली असेल.
बसस्टॉपवर एका आजींनी हात धरला. "किती वाळलीस गं." मी म्हटलं, आजी, तुमची चूक होतेय. त्यांनी ऐकलंच नाही. कोटाचं वरचं बटण लावून दिलं — आणि मी लावू दिलं. परक्या बाईचा हात, पण सवयीचा वाटला.

९ डिसेंबर, दुपार
प्रोजेक्ट दिला. सरांनी चाळला, चांगला आहे म्हणाले. मग चष्म्यावरून बघत विचारलं, तू कोणत्या वर्गातली? दोन वर्षं शिकवतायत मला! शेजारची मैत्रीण हसेल म्हणून वळले. ती दप्तर जवळ ओढून सरकून बसली.
तडक लाँड्रीत गेले. कोट काढून काकूंसमोर ठेवला. त्यांनी हातही लावला नाही. रिकामी दांडी पुसत होत्या.
"गेलेला कपडा आम्ही परत घेत नाही, बाळ."
तसाच टाकून निघाले.

९ डिसेंबर, संध्याकाळ
बेल वाजवली. आईनं दार उघडलं, साखळी न काढता.
"कोण हवंय तुम्हाला?"