लाईट गेली की

कामतघर, भिवंडी
८ डिसेंबर २०२४

चि. वल्लरीस,
तात्याचे अ. उ. आ. यातला 'उ' उत्तमचा आहे. तुझी आई म्हणते तसा उशिराचा नव्हे.

तुझी प्रश्नावली एकदाची मराठीत आणली, सोबत जोडतो आहे. चाळीस वर्षं फळ्यावर कवितांचे अर्थ लिहिले, पण यंत्रमाग कामगारांच्या पाहणीचं भाषांतर हा काव्यप्रकार हातून राहून गेला होता. तुझ्या इंग्रजीला घामाचा वास नाही, म्हणून काही ठिकाणी मी तो शिंपडला. 'कामाचे तास' यासाठी 'श्रमघटिका' लिहिलं होतं. ते तुझ्या आईने, म्हणजे आमच्या माधवीने, चहाचा कप ठेवता ठेवता खोडलं. शाळेच्या ऑफिसात दिवसभर दाखले लिहून माणसाचं असंच होतं. माझी सून म्हणून बोलत नाही.

चौदाव्या प्रश्नाला मात्र मी तिला हात लावू दिला नाही. तुझ्या 'लेझर टाइम'साठी सवड, फुरसत, उसंत ही सगळी हुशार मुलं हात वर करून बसली होती. मी मागच्या बाकावरच्या एकाला उठवलं. विरंगुळा. 'दिवसाकाठी विरंगुळा किती?' मोठ्याने म्हणून बघ. त्या 'ळ'वर जीभसुद्धा घटकाभर टेकते.

संध्याकाळी माझ्या शेजारी बसणारा दामू विचारत होता, तुमची नात नेमकं करते काय. म्हटलं, अर्थशास्त्रज्ञ आहे, कामगारांची गरिबी मोजते आणि सरकारला सांगते. तर म्हणाला, त्यासाठी पुण्याला कशाला गेली, इथे दारात बसून मोजली असती.

लोभ आहेच. वाढवलास तर हरकत घेणार नाही.
तुझा तात्या

पुणे
१२ जानेवारी २०२५

ती. तात्यांस,
वल्लरीचा शि. सा. न. वि. वि. या वेळी दोन्ही 'वि' विचारणेचे आहेत.

अंजूरची हेमाली माझ्यासाठी घरोघर फिरून फॉर्म भरते, तुम्ही तिला ओळखता. तिने कामतघर, अंजूर आणि वळ ही तिन्ही गावं पूर्ण केली. आज मी चौदाव्या प्रश्नाची उत्तरं उघडली. एकाने सांगितलंय, विरंगुळा रिक्षाने वीस रुपये. दुसरा म्हणतो, चालत गेलं तर जवळ पडतो. वळच्या गोदामातल्या एकाच्या मते विरंगुळा साठीनंतर मिळतो, त्याआधी आत घेत नाहीत. एका बाईची तक्रार आहे की विरंगुळ्यात नळाला पाणी नाही. आणि एकाने हेमालीला आवर्जून लिहायला लावलंय की विरंगुळा मास्तरांनी अडवलाय, पंख्याखालची खुर्ची सोडत नाहीत.

तात्या, तुम्ही रोज संध्याकाळी दामूकाकांबरोबर ज्या ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्रात बसता ना, अख्ख्या पंचक्रोशीला तेवढा एकच विरंगुळा माहीत आहे.

मी ऑफिसात एकटीच हसले. मग तारीख पाहिली. कामगारांच्या कामाच्या वेळांबद्दल नेमलेल्या समितीपुढे मला ३ फेब्रुवारीला अहवाल मांडायचाय. मजुरी किती मिळते हे सगळेच मांडतात. माझं म्हणणं असं की माणूस वेळेनेही गरीब असतो, आणि धोरण आखताना तेही धरायला हवं. ते सगळं या एका प्रश्नावर उभं आहे. इथली माझी नोकरी कायम होणार की नाही, तेही त्यावरच. आमचे केदारसर म्हणाले, प्रश्न गाळून टाक. गाळला तर माझ्या अहवालात माझं असं काहीच उरत नाही.

हेमाली आणखी एकदाच फिरू शकते. मला शब्द द्या. जीभ टेकायला नको, लोकांना कळायला हवा. टपालाची वाट बघू नका, पत्राचा फोटो हेमालीकडून पाठवा.

रागावले आहे, पण लोभ कमी केलेला नाही.
वल्लरी

कामतघर, भिवंडी
१९ जानेवारी २०२५

चि. वल्लरीस,
खजील आजोबाचे आशीर्वाद. अ. उ. लिहायचं धाडस होत नाही.

तुझं पत्र वाचून त्या संध्याकाळी मी खुर्ची दामूला दिली. दुसऱ्या दिवसापासून हेमालीबरोबर निघालो. दामूही आला, म्हणाला, मास्तर शब्द शोधताना हरवतील.

अंजूरला राघोकडे गेलो. पूर्वी भात लावायचा, आता गोदामावर वॉचमन आहे. त्याला विचारलं, तुझा फावला वेळ किती? त्याला एका कानाने कमी ऐकू येतं. म्हणाला, फावडा व्हता, जमीन गेली तवा भावाला दिला. तो शब्द मी तिथेच खोडला. वळला मनोज नावाचा पोरगा ट्रक भरतो. त्याला उसंत विचारली, तर म्हणाला वसंत दुसऱ्या शिफ्टला येतो. 'सवड' घेऊन एका म्हातारीकडे गेलो, तर ती म्हणाली, सवडीने या, आता कामात हाय. दामू तीन दिवस हसतोय. एवढे सुंदर शब्द आणि त्यांना राहायला जागाच नाही, असं मला वाटत राहिलं.

चौथ्या दिवशी आमच्याच गल्लीत मुस्तकीम काम करतो त्या यंत्रमागाच्या कारखान्यात गेलो. तिथल्या खडखडाटात मी 'फुरसत' ओरडत होतो, तो मान हलवत होता, दोघांनाही काही ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात लाईट गेली.

वल्लरी, लूम थांबली की कशी शांतता होते, हे इथे जन्म काढून मी कधी आत उभं राहून ऐकलं नव्हतं. पंखासुद्धा बंद. मुस्तकीमने हात पुसले आणि खाली बसला. एकाने गावाकडे फोन लावला. एक जण आडवा झाला. कुणीतरी अगदी हळू गाणं म्हणायला लागलं. इतका वेळ ते त्याच्याकडे होतंच. मी पुन्हा विचारलं. मुस्तकीम म्हणाला, मास्टरजी, फुरसत यही है, लाईट गई तो। विणलेल्या कापडाच्या मीटरवर मजुरी आहे त्यांची, म्हणजे तेवढा वेळ पैसाही नाही. तेही त्याने सांगितलं, पर कमर तो सीधी होती है.

तर बाई, शब्द सापडला नाही. प्रश्न सापडला. 'लाईट गेली की काय करता?' हेमालीने तिथेच विचारायला सुरुवात केली आणि माणसं बोलतच सुटली. मला यात एकही 'ळ' घालता आला नाही, याची नोंद असावी.

घरी यायला उशीर झाला. माधवीने जेवण पुन्हा गरम केलं. काय शोधलंत विचारलंन, सांगेपर्यंत ती भांडी घासायला लागली होती.

लोभ ठेव, आणि शक्य तर थोडा विश्वासही.
तात्या

अंजूर
२७ जानेवारी २०२५

वल्लरीताईस,
हेमालीचा नमस्कार. तात्यांनी सांगितलं पत्रच लिही, मेसेजमध्ये अर्ध राहतं.

नवीन चौदावा प्रश्न सगळीकडे विचारून झाला. पुरुषांची उत्तरं भरपूर आहेत: झोपतो, पत्ते, फोन, अंघोळ. एक अडचण आहे ती कळवते. बायांचं उत्तर बसत नाही. वळला हौसा पॅकिंगला जाते. तिथला माल सरकवणारा पट्टा लाईटवर चालतो, म्हणून तिला वाटलं आपण पण बसतो. मग तीच म्हणाली, न्हाय गं, पट्टा थांबला की झाडू देतात. आमच्या आळीतली चंद्रा तर मला हसली. म्हणे, लाईट गेली तर मिक्सर बंद, पाटा चालू. बाईची लाईट जात न्हाय.

मी हे 'इतर' मध्ये टाकू का? 'इतर' फार होतंय ताई. सगळ्या बाया 'इतर' झाल्यात.

तात्या रोज बरोबर येतात. उन्हाचं येऊ नका म्हटलं तर म्हणतात, गृहपाठ चुकला होता, पुन्हा लिहितोय.

माझ्यावर तुमचा जीव आहेच, तो असाच राहू द्या.
हेमाली

पुणे
४ फेब्रुवारी २०२५

ती. तात्यांस,
शि. सा. न. वि. वि. आज दोन्ही 'वि' विजयाचे.

काल अहवाल मांडला. केदारसर शेवटपर्यंत सांगत होते, शिस्तीत मजुरीने सुरुवात कर. मी 'लाईट गेली की काय करता?'ने केली. समितीतले लोक आधी हसले. मुस्तकीमचं उत्तर वाचलं तेव्हा एकाने पेन उघडलं. मग चंद्राचं वाक्य मी दोनदा वाचलं. हेमालीच्या 'इतर'चा मी वेगळा भाग केला होता. सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले. अहवाल त्यांनी ठेवून घेतला. नोकरीचं पत्र आज दुपारी मिळालं, कायम.

आता तक्रार. चहाच्या वेळी समितीतल्या एक बाई मला विचारत होत्या, तुमच्या आईचं उत्तर काय? रात्री आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, आपल्याकडे इन्व्हर्टर आहे, आणि पोळ्या लाटत होते तर ठेवते.

तात्या, हा प्रश्न आपल्या घरात कुणी विचारलाच नव्हता. मीसुद्धा. शुक्रवारी येते आहे.

लोभ असू द्या, शुक्रवारी तो आपल्या दोघांच्या कामाला लागणार आहे.
वल्लरी

कामतघर, भिवंडी
५ फेब्रुवारी २०२५

चि. वल्लरीस,
अ. उ. आ., आणि पेढे वाटले. दामूने दोन घेतले. म्हणाला, गरिबी मोजून पर्मनंट होता येतं हे आधी कळतं तर मीही मोजली असती.

शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाईट दिवसभर नाही. माधवीने शाळेतून रजा घ्यावी म्हणून मी तुझं नाव पुढे केलं आहे. इन्व्हर्टरचं बटण मी बंद करतो. स्वयंपाक आपण दोघं. मला खिचडी येते, असं मला वाटतं.

ये. लोभाचं समक्ष बोलू.
तात्या

कामतघर, भिवंडी
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय वल्लरीस,
आईचा आशीर्वाद. आपल्या घरात पत्रं नेहमी तुमची दोघांचीच. मी नुसती पाकिटं चिकटवायची. म्हणून मायन्यात काही चुकलं तर तात्यांना दाखवू नकोस.

शुक्रवारी तुम्ही मला गॅलरीत खुर्ची टाकून बसवलंत आणि आत गेलात. तात्या आतून विचारत होते, मोहरी काळी ती की बारीक ती. मी दोनदा उठले, दोन्ही वेळा तू दारातून हात दाखवून बसवलंस. नंतर उठावंसं वाटलं नाही. गल्लीतल्या सगळ्या लूम बंद होत्या. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साड्यांचा आवाज येतो, हे मला माहीत नव्हतं.

निघताना तू विचारलंस, आई, काय केलंस इतका वेळ? मी जाऊ दे म्हटलं. पण तुझा फॉर्म रिकामा राहायला नको, म्हणून कळवते. काही नाही केलं. 'इतर'मध्ये टाकू नकोस, तसंच लिही.

खिचडी करपली होती, हे मी तेव्हा बोलले नाही. पातेलं तीन दिवस मोरीत भिजत पडलंय. तात्या येता जाता त्याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात. मी गॅलरीत बसून हे लिहिते आहे.

आज त्यांनी न राहवून विचारलं, माधवी, ते पातेलं?

मी म्हटलं, तात्या, माझी लाईट अजून आलेली नाही.

तुझी,
आई