यमूचं दीड वर्ष

ता. ३ जुलै १९३४
यमू आजही तासभर उशिरा आली. सलग तिसरा दिवस. विचारलं तर म्हणते, "गुरुजी ठेवून घेतात." शाळा सुटल्यावर ठेवून घेतात म्हणजे? माझ्या वेळी अंगठे धरायला ठेवायचे! चौथीत गेल्यापासून पोरीचं लक्ष उडालं की काय. ह्यांना सांगितलं नाही. उद्या मीच जाते.

ता. ४
गेले. मान खाली घालून, काय बोलायचं ते पाठ करून. "गुरुजी, माझ्याकडे बघून या वेळेला माफ करा तिला."
गुरुजी हसायलाच लागले. म्हणाले, वर्गातल्या चार मुलांचं गणित इतरांच्या आधीच होतं, मग ती खिडकीबाहेर बघत बसतात. त्यांच्यासाठी हा जादा वर्ग. चौघांत आमची यमू! आणि मी माफी मागून मोकळी!! येताना सात रस्त्याच्या चौकापर्यंत एकटीच हसत होते. लोक म्हणाले असतील, बाईचं डोकं फिरलं.

ता. ९
पण त्या जादा वर्गात शिकवतात तरी काय? पुढचे पाढे म्हणावे तर तेही नाही. आज म्हणे गिरणीच्या धुराड्याची उंची मोजली. वर न चढता! काठी, दोरी आणि दोन सावल्या, बस्स. मी म्हटलं, थापा मारू नकोस. "आई, तूच करून बघ की."

ता. १०
केलं!! अंगणात हातभर काठी रोवली. तिची सावली दीड हात. कडुलिंबाची सावली यमूनं दोरीनं मोजली, चोवीस हात. म्हणजे झाड सोळा हात! तिकडे भाकरी करपली. करपू दे. मी पाचवीपर्यंत शिकलेली. इतकी वर्षं त्या झाडाखाली भांडी घासली आणि कधी मनातसुद्धा...

ता. २१
गुरुजींनी बोलावलं. स्कॉलरशिपच्या परीक्षेला चौघांतली दोघंच पाठवणार, त्यात यमू पहिली. मिळाली तर हायस्कूल. न मिळाली तर चौथीनंतर घरी बसायचं, हे ह्यांनी केव्हाच ठरवून ठेवलंय.
आणि मग अट सांगितली. वय अकराच्या आत हवं. शाळेच्या रजिस्टरात यमूला अकरा पूर्ण. पोर खरी साडेनऊची!
कसं झालं ते मला ठाऊक आहे. शाळेत घातली तेव्हा पाचाची होती, सहाच्या आत घेत नव्हते. कागद कोण मागतं? डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की पोर शाळेजोगं. यमूचे हात लांब. धरला कान. ह्यांनी ठोकून दिलं, साडेसहा. तेव्हा आम्ही पेढे वाटले होते.

ता. २२
ह्यांना सांगितलं, शाळेत जाऊन वय दुरुस्त करून घ्या म्हटलं. आधी म्हणाले, "कान तर लागला होता की!" मग चिडले. "रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून आहे मी. खोटं बोललो असं सहीनिशी लिहून देऊ? साहेबाच्या कानावर गेलं तर?"
मीही बोलले नको ते. दोघंही उपाशी.

ता. २३
पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे यमूच्या जन्माची नोंद करमाळ्याला. धाकट्या भावाला, गणपाला, पत्र टाकलं. ह्यांना न विचारता.

ता. ३०
गणपा स्वतःच आला, जन्मनोंदीची नक्कल घेऊन! "आक्का, लई हिंडवलं बग त्या कारकुनानं. पर घावली. नाव न्हाय, नुसती 'मुलगी' लिवलंय. बापाचं नाव मातुर हाय."
जन्मतारीख आमचीच. मी खरी, साडेनऊच! नाचायचंच बाकी होतं.
तशीच शाळेत. गुरुजी म्हणाले, नक्कल उत्तम, पण हीच ती मुलगी आणि वय चुकीचं सांगितलं होतं, असं वडिलांनी लिहून द्यायला हवं. फिरून तिथंच.

ता. ५ ऑगस्ट, रविवार
सकाळी हे यमूला म्हणाले, "धुराड्याचं सांगतेस, आमच्या धक्क्यावरच्या सिग्नलच्या खांबाचं सांग पाहू." पोरगी काठी-दोरी घेऊन तयारच. बापलेक गेले. मी दारातच उभी.
आले ते घामाघूम. यमू म्हणाली, "बाबांनी दोरी धरली!" तिचा हिशोब झाल्यावर ह्यांनी सिग्नलची देखभाल करणाऱ्या खलाशाला खांबाची उंची विचारली. वीतभराचासुद्धा फरक नाही!
पाणी प्यायले नि म्हणाले, "दौत आण." तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं: 'मुलीस शाळेत घालण्याच्या ओढीने मी वय दीड वर्षाने अधिक सांगितले. चूक माझी आहे.' खाली सही केली. ह्यांच्याबद्दल इतकं प्रेम मला आजवर वाटलं नव्हतं. लिहिते आहे, कोण वाचणार आहे.

ता. ७
गुरुजींनी फॉर्म, नक्कल, पत्र सगळं वर पाठवलं. मान्य करतीलच असं नाही, उत्तर पाकिटानं घरी येईल, म्हणाले. यमूला कशाचं काही नाही. आज देवळाचा कळस मोजायला निघाली.

ता. १६
उत्तर नाही. ह्यांची तिकडे साहेबानं चौकशी केली की नाही, तेही कळत नाही. विचारलं तर म्हणतात, बघू.
आज कामावर जाताना म्हणाले, "पोस्टमन आला तर पाकीट फोडू नकोस. मी आल्यावर बघू."
फाटकापर्यंत गेले नि परत फिरले.
"नको. फोडच."