उजव्या पानावरचा मजकूर

वरची दीड ओळ मीच खोडतो आहे. तीत मी स्वतःला ‘इंग्रजी युद्धशब्दांचे संशोधक व ग्रंथकार’ म्हटले होते. ते अर्धेच खरे आहे, आणि मृत्युपत्रात अर्धे खरे चालत नाही. खोडलेल्या जागी सही केली आहे. आता पुन्हा सुरू करतो.

मी नाथाजी केरबा फडतरे, वय एकसष्ट, निवृत्त इंग्रजी शिक्षक, राहणार रहिमतपूर, जिल्हा सातारा. माझे डोके ठिकाणावर आहे. छातीचे दुखणे आहे, पण त्याचा लिहिण्याशी संबंध नाही. मला कोणी धाक घातलेला नाही. पत्नीने दोनदा चहा आणून दिला, त्याला दबाव म्हणू नये. माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय करावे ते लिहून ठेवतो.

१. घराचा पूर्वेकडचा अर्धा भाग माझ्या वाटणीचा आहे. तो पत्नी रंगूबाई हिला. भूकंपाच्या साली माजघराच्या भिंतीला भेग गेली, ती मी दहा वर्षे उद्या बुजवतो म्हणत आलो. तिने गवंडी बोलवावा, माझी वाट पाहू नये. पश्चिमेकडचा अर्धा भाग धाकटा भाऊ मानसिंग, निवृत्त हवालदार, याचा आहेच.

२. पोस्टातली बचत रंगूबाईला. शब्दकोश आणि कपाट मुलगी विजयमाला, राहणार सांगली, हिला. सांगलीला माझा सत्कार झाला तेव्हाची शाल कोणालाही द्यावी, मानसिंगला देऊ नये. तो ती बैलावर घालील, आणि ते योग्यच होईल.

३. आता वही. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

मानसिंग पलटणीत असताना १९६२ पासून मी त्याला प्रत्येक पत्रात एक इंग्रजी शब्द पाठवी. लढाईचा किंवा लढणाऱ्याचा. शब्द कुठून आला ते मी कोशातून काढून लिही. तो शब्द आपल्या तुकडीत वापरून पाही आणि खरा की खोटा ते कळवी. वहीच्या डाव्या पानावर माझे, उजव्या पानावर त्याच्या पत्रातले उत्तर जसेच्या तसे. नऊ वर्षांत एकशे बारा शब्द झाले.

‘सोल्जर’ हा रोमन नाण्याच्या नावावरून आला. पगार घेणारा तो सोल्जर. मानसिंगने लिहिले: “पयल्या तारखंला आमी समदी सोल्जर. बाकीचं दिस एकामेकाची पोरं.”

‘इन्फन्ट्री’, म्हणजे पायदळ, याच्या मुळाशी लॅटिनमधले बोलता न येणारे मूल आहे. त्याने लिहिले: “आमी लय बोलतो. फकस्त वरच्याफुडं न्हाई.”

‘ग्रेनेड’ म्हणजे डाळिंब. “वजन तेवडंच. पन डाळिंब हातात धरून कुनाचा घसा कोरडा पडत न्हाई.”

‘लेफ्टनंट’ म्हणजे दुसऱ्याची जागा धरून बसणारा. “आमचा बावीस वर्साचा हुता. त्यो पडला तवा त्याची जागा कुनी धरली न्हाई. आमी समद्यांनी मिळून धरली.”

मी तीस वर्षे इंग्रजी शिकवले. कोणत्याही कोशात मला असा खुलासा मिळाला नाही. कोश शब्दाचा जन्म सांगतो. मानसिंग त्याचे पुढचे आयुष्य सांगत होता. तो चौथी शिकलेला आहे.

‘वॉर’ हा शब्द मी १९६५ साली पाठवला. जुन्या जर्मन बोलीत त्याचा अर्थ गोंधळ, गुंता. उत्तर लष्करी दवाखान्यातून आले: “आण्णा, बरुबर हाय. उजेडात दोन बाजू असत्यात. धुरळ्यात बाजूच न्हाई. मी ज्याला पानी पाजलं त्यो आपला का त्यांचा त्ये मला आजून म्हाईत न्हाई.”

१९७३ साली मी वहीचे पुस्तक छापले. उजव्या पानावरचे सगळे मी शुद्ध केले. वरच्या मजकुराचे असे झाले: ‘युद्धात शत्रुमित्रभाव लोप पावतो.’ पुस्तकावर एकट्या माझे नाव घातले. सत्काराच्या दिवशी हे चार शब्द मी वाचले आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मानसिंग तिसऱ्या रांगेत बसला होता. त्याने टाळी वाजवली नाही. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नाही. निरोप द्यायचा असेल तर गोठ्यात उभा राहून मला ऐकू येईल असे बैलाला सांगतो: “सर्ज्या, मास्तरास्नी सांग, मोटर बंद कराय इसरू नगा म्हनावं.”

४. विहिरीजवळचे माझ्या वाटणीचे दीड एकर मानसिंगला. (हे कलम रद्द. कारण खाली.)

आज दुपारी मी हे कलम ज्ञानू जाधव यांना वाचून दाखवत होतो. ज्ञानू म्हणजे आमचे जुने पोस्टमन. नऊ वर्षे आमची पत्रे त्यांनीच वाहिली. मानसिंग उंबऱ्यात कधी येऊन उभा राहिला ते कळले नाही.

“दीड एकर?” तो म्हणाला. चार वर्षांत त्याने मला थेट विचारलेले हे पहिले.

“विहिरीजवळचं,” मी म्हणालो.

“माज्या बोलन्याचा दर लावलाय व्हय?”

“तसं नाही.”

“मंग कसं? आण्णा, मला श्यात नको. माजं बोलनं तुमी धुतलंसा, इस्तरी केलीसा, आन् आपल्या अंगावर घातलंसा. त्ये उतरवा.”

“मास्तर,” ज्ञानू म्हणाले, “ह्यो एवडं बैलासंगंबी बोलला न्हाई कवा.”

“तू गप रं. साक्षीला कोन?”

“येक मी. दुसरा घावंना.”

“मी करतो सही.”

मी त्याला थांबवले. वकिलांनी बजावले होते की ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे वाद होतात. सही केलीस तर जमीन सोडावी लागेल, असे सांगितले.

“जाऊ द्या. साक्षीदारानं कागुद पुरा वाचावा लागतो न्हवं? द्या हिकडं.”

त्याने तासभर वाचले. आपल्या वाक्यांखालून बोट फिरवत वाचले. ‘वॉर’पाशी थांबला.

“ह्ये आर्धं हाय. पानी प्याल्यावर त्यानं हात जोडलं. त्ये मी लिवलं हुतं. तुमी गाळलंसा.”

त्याने लिहिले होते. पुस्तकात मी गाळले होते, वाक्य लांबत होते म्हणून. आज वहीतून या कागदावर उतरवतानासुद्धा गाळले. म्हणून इथे जोडतो: “पानी पिऊन त्यानं हात जोडलं.”

५. दीड एकर रंगूबाईला. वही विजयमालाला, पण या अटीवर की तिने पुस्तक पुन्हा छापावे. उजवे पान जसे आहे तसे, एक अक्षर न बदलता. मुखपृष्ठावर आधी मानसिंग केरबा फडतरे, मग मी. जुन्या प्रती मिळतील तेवढ्या परत घ्याव्यात. माझ्या प्रस्तावनेतून ‘माझे संशोधन’ हे शब्द काढावेत. त्यांच्या जागी काही घालू नये.

हे मी वाचून, उमजून, दोघांच्या समोर सही केली. त्यांनी माझ्या समोर केल्या.

नाथाजी केरबा फडतरे

साक्षीदार:
ज्ञानू सखाराम जाधव
मानसिंग केरबा फडतरे

रहिमतपूर, १३ डिसेंबर १९७७

टीप: दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस.टी.ने मी आणि दोन्ही साक्षीदार कोरेगावला गेलो आणि हा दस्त नोंदवला. जाताना मानसिंग खिडकीबाहेर बघत होता. येताना तो माझ्या शेजारी बसला आणि रहिमतपूर येईपर्यंत बोलत होता.