बांधावरच्या उड्या

उमरठजवळची वाडी,
१४ ऑक्टोबर

चि. दर्शनास महिपतकाकाचे अनेक आशीर्वाद.

खिंडीत चढलं की फोन लागतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. आम्ही खुशाल आहोत. गणपतीत तू बांधावरून खाली आणि लगेच परत वर अशा ज्या उड्या मारल्यास, त्यांची कीर्ती पोलादपूरपर्यंत गेली आहे. पोरीच्या अंगात येतं काय गो, असं शेजारच्या कुशाबाने तुझ्या मैनाकाकीला विचारलं. मी म्हटलं, आलंय, पण पोलीस भरतीचं.

दहा वर्षं डोक्यावर लाकडांचे भारे घेऊन तू हा डोंगर चढलीस. त्या मांड्यांना उड्या शिकवायला आता बिरवाडीत मास्तर लागतो? आमच्या शेतातले बेडूक जन्मभर हेच करतात, त्यातला एकही पोलीस झालेला पाहिला नाही.

भात तयार आहे. कापणी २८ तारखेला धरली आहे, चार दिवसांची. मुंबईकर नेहमीप्रमाणे फोटो मागवतील. तू मात्र यायचंस. लोभ आहेच, वाढवायचा का ते अठ्ठावीसला पाहू.

तुझा,
महिपतकाका

बिरवाडी,
१९ ऑक्टोबर

ती. महिपतकाकांस दर्शनाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

बेडकांची चौकशी पोचली. त्यांची उंची भरत नाही, नाहीतर घेतले असते.

त्या भाऱ्यांचीच तर गंमत आहे. हर्षद सरांनी मोबाइलवर माझं धावणं सावकाश करून दाखवलं. पाय टेकला की उचलायला मला फार वेळ लागतो. सर म्हणाले, मांड्यांत ताकद भरपूर हाय, वेग नाय. भारे वाहून दुसरं काय होणार? उडी मारून खाली आलं की मांडीचा स्नायू ताणला जातो. तो ताण जिरायच्या आत वर उडायचं. याला प्लायोमेट्रिक म्हणतात. कुशाबाआजोबांना अंगात येणं सोपं वाटत असेल तर तसंच राहू द्या.

माझा मूर्खपणाही सांगते. सरांनी आठवड्यातून दोनच दिवस उड्या सांगितल्या होत्या. मी तुमच्या घरात वाढलेली, बसून राहिलं की चोरी केल्यासारखं वाटतं. म्हणून चोरून रोज मारल्या. शंभर मीटरला १७.१ सेकंद लागत होते, ते १७.६ झाले. सर इतके चिडले की मला वाटलं काढूनच टाकतात. ताकद मधल्या विश्रांतीत भरते म्हणे. नियमाने केल्यावर आता १६.२ वर आले आहे.

ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी परीक्षा, ३ नोव्हेंबरला आहे. त्याआधीचे आठ दिवस जड काम बंद. वयाच्या अटीत माझं हे शेवटचं वर्ष, काका. हुकलं तर जन्मभर कंपनीत बाटल्यांना बुचं लावायची. कापणीला यायचं की नाही ते तुम्हीच सांगा. तुम्ही या म्हणालात तर मी येईन, आणि तीच भीती वाटते. काकीला नमस्कार. राग आला तरी माया तेवढी ठेवा.

तुमची,
दर्शना

वाडी,
२४ ऑक्टोबर

चि. दर्शनास आशीर्वाद.

विश्रांतीने ताकद वाढते हे वाचून बरं वाटलं. त्या हिशेबाने पारावरची सगळी मंडळी पैलवान निघायला हवीत. पत्र मैनाला वाचून दाखवलं. ती हसली. मला हसू आलं नाही.

एकोणिसाव्या वर्षी मी महाडला मिलिटरी भरतीला गेलो होतो, हे तुला ठाऊक आहे. अर्धा इंच उंची कमी पडली, हेही ठाऊक आहे. सगळ्या वाडीला ठाऊक आहे.

उंची भरली होती. आदल्या दिवशी अंधार पडेपर्यंत मी भाताचे भारे खळ्यावर वाहत होतो. कामाने पाय तयार होतात, असं बाबा म्हणाले आणि मलाही ते पटलं. धावण्याच्या शेवटच्या फेरीत दोन्ही मांड्या आखडल्या. मी मैदानात बसलो, माझ्यामागचे पुढे गेले. घरी येऊन उंचीचं सांगितलं, कारण त्यात कोणाचा दोष निघत नाही. बाबा गेले तेही तेच खरं मानून. मैनाला आजही माहीत नाही, तूही सांगू नकोस.

कापणीला येऊ नकोस. तुला ताप आहे असं मी वाडीत सांगितलं आहे. खोटं बोलायचा मला सराव आहे. मी आणि मैना चारऐवजी आठ दिवस कापू, भात कुठे पळून जात नाही.

तू ३ तारखेपर्यंत पडून राहा. दुसरं काही करू नकोस. बाकी क्षेम, आणि लोभ आहे तेवढा सगळा तुझ्याकडेच.

तुझा,
महिपतकाका