मंगळवारची पाळी

वालपराइसो, गुरुवार

प्रिय आई,

मंगळवारी संध्याकाळी सहाला टेकडीवर सायरन वाजला आणि माझं सगळंच बदललं. घाबरू नकोस, माझ्या अंगावर साधा ओरखडाही नाही. लाज वाटते ती त्याचीच.

अग्निशमन दलात तेव्हा माझी पाळी होती. आम्हाला कुणालाच पगार नसतो, जो तो आपला वेळ देतो. पण माझी यास्ना कायमची सांतियागोला निघाली होती. मला ताप आलाय, अशी थाप मी ऐनवेळी कॅप्टनना मारली आणि तिला थांबवायला बस स्टँड गाठला. माझ्या जागी दलातलेच सत्तरीचे न्हावी डॉन नेमेसिओ आगीत शिरले. घरातली माणसं वाचली, पण डॉन नेमेसिओंचा उजवा हात भाजला.

काल त्यांना भेटायला गेलो. माझी थाप त्यांनी ओळखली होती, तरी कुणाला सांगितली नव्हती.

"पोरगी थांबली का रे?"

"नाही."

"मग आपण दोघंही भाजलो की!"

त्यांना हसू आलं. आई, तो त्यांचा कात्री धरायचा हात आहे गं.

"शिव्या तरी द्या मला!" मी ओरडलो.

"गाढवा, माझ्यावर कशाला ओरडतोस? ज्यांच्यासमोर शपथ घेतलीस त्यांना सांग."

आज दलाची बैठक आहे. खरं सांगितलं तर माझं हेल्मेट काढून घेतील. कॉलेज सुटलं, यास्ना गेली, आता एवढंच उरलंय. तरी सांगणार आहे.

बाबांचा खोकला कसा आहे? त्यांना हे जरा बेतानं सांग.

बैठकीची वेळ झाली. दार ओढून घेतो आणि निघतो.

तुझा,
लौतारो